शेपटीची वही

बुधवारी संध्याकाळी पाक गुनार्तो माझ्याकडे आले, चहा प्याले, पाऊण तास बसले आणि गेले. ते गेल्यावर कप विसळताना माझ्या लक्षात आलं, की लुरिकला घेऊन जायला मी संमती देऊन बसलो आहे.

पाक गुनार्तो, म्हणजे गुनार्तोसाहेब, आमच्या गल्लीचे प्रमुख. स्वभावाने मऊ माणूस. कोणतीही वाईट गोष्ट ते सरळ बोलत नाहीत. आधी ते पावसाबद्दल बोलले, मग मेरापी ज्वालामुखीवरच्या धुराबद्दल. मग म्हणाले, शेजारच्या बु सार्मिनी, म्हणजे सार्मिनीबाई, हल्ली लंगडतात, वय झालं. मी ‘इंग्गिह’ म्हणालो, म्हणजे हो. मग म्हणाले, घोरपडी यंदा फार फिरायला लागल्यात असं लोक म्हणतात. इंग्गिह. शनिवारी त्रिमो मोकळा आहे. इंग्गिह. पोतं तो स्वतःच घेऊन येतो, तुम्हाला काही त्रास नाही. इंग्गिह, म्हणालो, आणि टेबलाखाली माझा डावा पाय थरथरत होता तो दाबून धरला.

आमच्याकडे एक इंग्गिह ‘ऐकलं’ असा असतो आणि एक ‘कबूल’ असा. फरक फक्त मान किती खाली जाते त्यात असतो. माझी मान जन्मापासून खालीच. शाळेच्या ग्रंथालयात चौतीस वर्षं काढली, मुलांनाही कधी मोठ्याने गप्प केलं नाही. त्यामुळे माझा कुठलाही इंग्गिह लोक दुसऱ्या प्रकारचाच धरतात.

त्रिमोची मुंतिलानच्या बसस्थानकाजवळ गाडी आहे. घोरपडीच्या मांसाचे तुकडे काडीला लावून तो निखाऱ्यावर भाजतो. खरूज-नायट्यावर औषध म्हणून लोक ते खातात.

लुरिक म्हणजे माझी पाणघोरपड. नाकापासून शेपटीच्या टोकापर्यंत उभी धरली तर माझ्या खांद्यापर्यंत येईल एवढी लांब. अंगावर पिवळसर ठिपक्यांचे आडवे पट्टे, आमच्या जुन्या हातमागाच्या पट्टेरी कापडासारखे, म्हणून हे नाव. चार वर्षांपूर्वी माझा एक जुना विद्यार्थी नोकरीसाठी बाताम बेटावर गेला, तेव्हा मासे ठेवायच्या काचेच्या पेटीतून तिला माझ्याकडे सोडून गेला. “दोन महिने फक्त, सर,” म्हणाला होता. तेव्हा ती माझ्या हाताएवढी होती. बायको म्हणाली, “पुस्तकं कमी होती म्हणून ही आली.” पण परसातली जुनी न्हाणी तिनेच रिकामी करून दिली. वर जाळी घातली, कोपऱ्यातला पाण्याचा हौद तसाच ठेवला, उन्हासाठी एक काळी फरशी टाकली.

मी तिची वही लिहायला लागलो. माझे वडील शेतकरी होते आणि त्यांच्याकडे ‘तितेन’ होतं. म्हणजे एकच गोष्ट पुन्हा पुन्हा पाहायची, आणि तिच्यामागून काय येतं ते लक्षात ठेवायचं. मुंग्या अंडी वर नेऊ लागल्या की काय होतं, हे ते सांगू शकत. मला शेतातलं काही कळलं नाही. वाटलं, निदान एका शेपटीपुरतं तरी जमेल.

आणि थोडंफार जमलंही. शेपटी सैल, सरळ, जमिनीला टेकलेली असली की ती निवांत आहे. हौदात जिवंत मागूर मासा सोडला की तिचं सगळं अंग दगड होतं, जीभ तेवढी आतबाहेर करते, आणि शेपटीचं शेवटचं बोटभर टोक डावीउजवीकडे हलायला लागतं, मांजराचं हलतं तसं. ते टोक थांबलं की झडप. म्हणजे टोक हलतं तेव्हा नाही, थांबतं तेव्हा. हे समजायला मला सात महिने लागले. आणि शेपटी मुळापासून एका बाजूला धनुष्यासारखी वळली, गळा फुगला, की दूर व्हायचं. ज्या बाजूला शेपटी वळलेली असेल त्याच बाजूने फटका येतो. या वळणावर दोन पानं आणि एक चित्र आहे. अशा तीन वह्या भरल्या होत्या, चौथी चालू होती. कुणाला दाखवल्या नाहीत. दाखवण्यासारखं त्यात काही आहे असं मला वाटलं नव्हतं.

बायको दीड वर्षापूर्वी गेली.

चौथ्या वहीत, गेल्या दोन महिन्यांत, एकच नोंद पुन्हा पुन्हा होती. ‘अकरा वाजता. फरशीवर. शेपटी सैल. संध्याकाळी मासा सोडला, टोक हललं नाही. मासा जिवंत परत काढला.’ एका पानावर मी लिहिलं होतं, ‘हिलाही घर रिकामं वाटत असावं.’ ते वाक्य लिहून मला बरं वाटलं होतं, हे कबूल केलं पाहिजे.

बुधवारी कप विसळून झाल्यावर मी ती वही घेऊन बसलो. पाक गुनार्तोंच्या बोलण्यातला एकेक शब्द उलगडून पाहिला. घोरपडी फिरतात. कुठली घोरपड? लुरिक तर जाळीत असते. मग मला महिन्यापूर्वीची ताटली आठवली.

बु सार्मिनींचं घर आणि माझं घर यांच्यामध्ये बांबूचं कुंपण आहे. त्यांच्याकडे तीसेक बदकं. पहाटे त्या खारवलेली अंडी घेऊन बाजारात जातात, दहाच्या सुमाराला परत येतात आणि मग त्या दिवशीची ताजी अंडी गोळा करतात. त्यांच्याकडून दर पंधरा दिवसांनी खारवलेल्या अंड्यांची ताटली यायची, वर केळीचं पान. ताटली रिकामी परत करायची नसते, तिच्यात काहीतरी घालून पाठवायचं असतं. ते सगळं बायको बघायची. काय आलं, का आलं, परत काय जायला हवं, हे तिला ताटली हातात घेतल्याबरोबर समजायचं. मी खायचं काम करायचो.

महिन्यापूर्वी ताटली आली ती अंड्यांऐवजी तळलेल्या टोफूची. मला वाटलं, बिचाऱ्यांकडे अंडी कमी झाली असावीत. म्हणून मी बाजारातून दहा बदकाची अंडी विकत आणली, पुसून ताटलीत रचली आणि पाठवून दिली. स्वतःवर खूश होतो. बायको असती तर म्हणाली असती, शिकलास.

त्यानंतर ताटली आलीच नाही. आणि मी ते कुठल्याही वहीत लिहिलं नव्हतं.

रात्रभर कूस बदलत होतो. अपराध सिद्ध झाला नसताना शिक्षा ठरलेली, आणि ती मी स्वतः मान हलवून मंजूर केलेली. पण लुरिक निर्दोष आहे हे तरी मला ठाऊक होतं का? नोंदी पुन्हा चाळल्या. अकरा वाजता, अकरा वाजता, अकराला दहा कमी. मी रोज साडेआठला ग्रामकार्यालयाच्या वाचनालयात जातो, वर्तमानपत्रं वाचतो, फाटलेल्या पुस्तकांना चिकटपट्टी लावतो, आणि अकराला घरी येतो. चार वर्षांच्या माझ्या वह्यांमध्ये एकही सकाळ नव्हती.

गुरुवारी मी वाचनालयात गेलो नाही. स्वयंपाकघराचं दार बोटभर उघडं ठेवून मागे स्टूल टाकून बसलो. माझ्याच घरात चोरासारखा. नऊ वाजता ऊन न्हाणीत उतरलं. लुरिक फरशीवर आली, चपटी होऊन पसरली. शेपटी सैल. मला हायसं वाटलं. साडेनवाच्या सुमाराला तिने डोकं उचललं. समोर मासा नाही, उंदीर नाही, कोपऱ्यातली मागच्या गटारात उघडणारी मोरी आणि तिच्यावरची लोखंडी झडप तेवढी. जीभ आतबाहेर होऊ लागली. आणि शेपटीचं टोक हललं. डावीकडे, उजवीकडे. दोन महिन्यांत मी ते पाहिलं नव्हतं.

मग टोक थांबलं. ती सरळ मोरीशी गेली, नाकाने झडप वर उचलली, सवयीच्या माणसाने दार ढकलावं तशी, आणि आत शिरली. शेवटी शेपटी गेली, मग झडप पडल्याचा आवाज आला. तो आवाज गेले दोन महिने रोज होत असणार. मी त्या वेळी फुटबॉलच्या बातम्या वाचत होतो.

चपला उलट्यासुलट्या घालून मी मागच्या बाजूने गटाराकडे धावलो. धावलो म्हणजे या वयात जे होतं ते. गटार बु सार्मिनींच्या बदकांच्या खुराड्यामागून जातं. कुंपणाला डोळा लावला. लुरिक भाताच्या पेंढ्यात डोकं खुपसून होती. बदकं जराही बिथरली नव्हती, ओळखीची पाहुणी आल्यासारखी बाजूला सरकून उभी. तिने मान वर केली. गळ्यातून एक गोल फुगवटा खाली सरकला.

“बरोबर साडेनवाला येते,” कुणीतरी म्हणालं. “शाळेत होती का तुमच्या?”

कुंपणापलीकडे, माझ्यापासून चार हातांवर, बु सार्मिनी पाटावर बसल्या होत्या. एक पाय पुढे लांब केलेला. नडगीवर हळदीचा लेप, त्याखाली काळानिळा पट्टा.

मी विचारलं, हे काय झालं. त्या म्हणाल्या, काही नाही, वय झालं. मग माझ्याकडे पाहून, मला खरंच समजलेलं नाही हे ओळखून, त्यांनी सांगितलं. मंगळवारी बाजाराला दांडी मारून त्या झाडू घेऊन बसल्या होत्या. ही आली. त्यांनी झाडू उगारला. हिने गळा फुगवला.

“आणि शेपटी अशी वाकडी केली,” त्या हात वळवून म्हणाल्या. “मला वाटलं, घाबरली. म्हणून पुढे गेले.”

“शेपटी धनुष्यासारखी झाली की मागे व्हायचं असतं,” मी म्हणालो. “ज्या बाजूला वळते त्या बाजूने मारते.”

“हे तुम्हाला ठाऊक होतं?”

“लिहून ठेवलंय.”

“वहीला सांगितलंत,” त्या म्हणाल्या. “वहीला काय नडगी असते?”

मला तिथून निघून जावंसं वाटलं. आयुष्यभर मी अशा वेळी शेपूट घालून निघूनच गेलो आहे. पण मध्ये कुंपण होतं, आणि पलीकडे माझी घोरपड दुसरं अंडं गिळत होती. मी विचारलं, इतके दिवस तुम्ही मला का बोलला नाहीत.

बोलले की, त्या म्हणाल्या, टोफू पाठवला ना. माझ्याकडची अंडी कोण खातंय ते बघा, असं यापेक्षा स्पष्ट माणूस कसं सांगणार? “आणि तुम्ही लगेच दहा अंडी पाठवलीत. पुसून. मी म्हटलं, मास्तर सज्जन आहेत, चूक कबूल केली, भरपाई दिली, आता बंदोबस्त करतील. दुसऱ्या दिवशी बाजारातून येते तर पुन्हा अंडी गायब. तेव्हा मग मला राग आला. म्हटलं, हे तर दहा अंडी देऊन रोजचा रतीब लावल्यासारखं झालं.”

“मला वाटलं, तुमच्याकडे अंडी कमी झाली असतील.”

त्यांनी नडगीवरचा लेप बोटाने सारखा केला.

“झालीच होती ना,” त्या म्हणाल्या.

लुरिक आमच्या दोघांमधून गटारात उतरली आणि निघून गेली. शेपटी सैल, जड, जमिनीवरून ओढत. घर रिकामं वाटणाऱ्या प्राण्याची शेपटी. मला इतकी लाज वाटली, की मी काय बोललो ते आता नीट आठवत नाही. पण एवढं आठवतं, की मी सरळ बोललो. ती अंडी माफी म्हणून नव्हती, मला माहीतच नव्हतं. माफी आत्ता मागतो आहे. उद्या मोरी बुजवतो. आणि शनिवारी तिला त्रिमोच्या पोत्यात घालू नका.

एवढं उघड मागणं ऐकून बु सार्मिनी गोऱ्यामोऱ्या झाल्या, जणू अंडी त्यांनीच चोरली होती. आमच्याकडे असं बोलत नाहीत. त्या उठल्या, म्हणाल्या बदकांना कोंडा घालायचाय, आणि लंगडत आत गेल्या. ना हो, ना नाही. मी तिथेच उभा राहिलो. चार वर्षं शेपटी वाचली होती, पण पाठ वाचता येत नव्हती.

शुक्रवारी दुपारच्या नमाजाहून आल्यावर मी सिमेंट कालवलं. पातळ झालं, वाळू घातली, घट्ट झालं, पाणी घातलं. संध्याकाळपर्यंत झडपेभोवती एक ओबडधोबड डोंगर तयार झाला, मधून पाणी जायला दोन बोटांएवढं भोक. लुरिक हौदातून पाहत होती. तिच्या शेपटीचं टोक पाण्यात हलत होतं की पाणीच हलत होतं, हे ठरवता आलं नाही.

शनिवारी नवाला पाक गुनार्तो आणि त्रिमो आले. त्रिमो चाळिशीचा, हसतमुख, खांद्यावर पोतं, हातात फास लावलेला बांबू. मी दारातच सुरुवात केली, की बुधवारी मी इंग्गिह म्हणालो तो ऐकलं अशा अर्थाचा होता. पाक गुनार्तोंनी प्रेमाने माझा हात धरला आणि म्हणाले, सगळेच शेवटच्या दिवशी असं म्हणतात, माझ्या भावाने बोकडाच्या वेळी हेच केलं होतं. त्रिमो म्हणाला, बाबा, तुम्ही आत बसा, बघू नका, पाच मिनिटांचं काम. आणि तो न्हाणीचं दार उघडून आत गेला.

मी त्याच्यामागे गेलो. लुरिक फरशीवर होती. बांबू पाहताच तिचा गळा फुगला. शेपटी मुळापासून वळली, धनुष्य झालं, आणि टोक त्रिमोच्या डाव्या गुडघ्याकडे. त्याचं सगळं लक्ष तोंडाकडे होतं. सगळ्यांचंच असतं.

“त्रिमो, उजवीकडे सरक,” मी म्हणालो. “आत्ता.”

माझा आवाज मला परका वाटला. तो सरकला. शेपटी आली आणि तो उभा होता तिथल्या प्लास्टिकच्या बादलीला लागली. बादली भिंतीपर्यंत गेली, तिला उभी चीर पडली. त्रिमो बादलीकडे बघत राहिला, मग आपल्या गुडघ्याकडे.

“पुढचं काय करणार ती?” त्याने विचारलं.

“तू बाहेर गेलास तर काही नाही.”

तो बाहेर आला. आम्ही ओसरीवर बसलो. मी चहा केला, साखर दोनदा घातली. पाक गुनार्तो म्हणाले, की खरं तर निर्णय माझाही नाही, मास्तरांचाही नाही. ज्यांचं नुकसान झालं त्यांचा. आणि त्यांनी कुंपणाकडे पाहून जरा मोठ्याने खोकून सांगितलं, की आज हवा छान आहे, बु सार्मिनींचं मत काय असेल कोण जाणे.

पलीकडे भांड्यांचा आवाज झाला. थोड्या वेळाने कुंपणावरून ताटली आली, नेहमीची, निळ्या काठाची. वर केळीचं पान. मी ती ओसरीवर मधोमध ठेवली आणि पान उचललं. तीन खारवलेली अंडी, प्रत्येक मधोमध कापलेलं, पिवळा भाग वर.

आम्ही तिघं त्या अंड्यांकडे पाहत बसलो.

पाक गुनार्तो म्हणाले, अर्थ उघड आहे. आपण तिघं, अंडी तीन. खा आणि ठरलेलं काम उरका. त्रिमो म्हणाला, त्याला वाटतं कापलेली अंडी म्हणजे प्राण्यालाही कापा, पण तो धंद्यामुळे असा विचार करत असेल, त्याच्यावर जाऊ नका. मला वाटलं, काल मोरी बंद झाली, आज अंडी वाचली, म्हणून ताटलीत पुन्हा अंडी आली, म्हणजे मिटलं. मला तसं वाटावं असं मला वाटत होतं, आणि हेच मला भिववत होतं. ‘हिलाही घर रिकामं वाटत असावं’ हे वाक्यही असंच सुचलं होतं.

मी उठलो. पाक गुनार्तोंनी विचारलं, कुठे. मी म्हणालो, विचारून येतो.

“काय विचारून?”

“की याचा अर्थ काय.”

“असं विचारतात का?” ते म्हणाले. ते खरोखर घाबरले होते.

मी कुंपणाशी गेलो. बु सार्मिनी अगदी मागेच उभ्या होत्या, कान देऊन. मी त्यांना विचारलं, की लुरिकने राहायचं की जायचं. त्यांनी बदकांकडे पाहिलं, मग स्वतःच्या नडगीकडे, मग पुन्हा बदकांकडे. मी थांबलो. डावा पाय थरथरत होता.

“राहू दे,” त्या शेवटी म्हणाल्या. “तुमची बायको तिला मासे कापून घालायची, मी बघायचे इथून. पण सिमेंट तुम्ही केलंय. ते किती दिवस टिकेल, देव जाणे. सकाळी घरी बसायचं. रोज. वाचनालय बंद.”

मी मान हलवली.

“हे ऐकलं की कबूल?” त्यांनी विचारलं.

“कबूल,” मी म्हणालो.

त्रिमोने दोन अंडी खाल्ली, पोतं घडी घालून नेलं. जाताना म्हणाला, बाबा, ती शेपटीची गोष्ट मला एकदा लिहून द्या, माझ्या दोन्ही पायांवर खुणा आहेत. मी इंग्गिह म्हणालो आणि नंतर घाबरलो, कारण चित्र मला नीट काढता येत नाही.

त्याला आता तीन आठवडे झाले. सकाळी मी स्वयंपाकघराच्या पायरीवर पुस्तक घेऊन बसतो. एक पान चार वेळा वाचतो. वाचनालयात फाटकी पुस्तकं साठत असतील, चिकटपट्टी कोण लावत असेल, काल कोणता संघ जिंकला. साडेनवाला लुरिक फरशीवरून डोकं उचलते, सिमेंटच्या डोंगराकडे तोंड करते, आणि टोक हलायला लागतं. डावीकडे, उजवीकडे. ते थांबेल तेव्हा काय होईल या विचाराने मी पुस्तक मिटतो. दोनदा ती डोंगरापर्यंत जाऊन नखांनी ओरबाडून आली. एका बाजूचा टवका उडाला आहे.

काल बु सार्मिनी बाजारातून लवकर आल्या. कुंपणावरून डोकावून त्यांनी विचारलं, काय म्हणते शेपटी. मी सांगितलं, बाहेर जायचं म्हणते, अजून विसरली नाही.

“तिचं सोडा,” त्या म्हणाल्या. “मास्तर, तुमचा पाय बघा.”

मी पाहिलं. डाव्या पायाचं टोक चपलेसकट हलत होतं.